साडेतीनचा भोंगा

शेअरबाजारात कोण काय करतो हे मला पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला विचारावं लागलं नाही. शिफ्टचा तक्ता बघितला की समजायचं. पहिल्या शिफ्टवाला बाजार उघडण्याआधी मशीनवर उभा आणि सुटतो तेव्हा बाजार बंद; तो शेअर घेऊन ठेवणार, रोज उलाढाल करणार नाही. तिसऱ्या शिफ्टवाला सकाळी घरी येऊन झोपणार. ट्रेडिंग करायचा तो सेकंड शिफ्टचा माणूस. बाजार साडेतीनला बंद होतो, आमच्याकडे दुसऱ्या शिफ्टचा भोंगाही साडेतीनलाच व्हायचा. कंपनीची बस निगडीहून पावणेतीनला निघे, त्याच्या आत सौदा कापून टाकायचा आणि डबा घेऊन बसस्टॉपवर यायचं. सेकंड शिफ्ट सहसा कुणाला नको असते. संध्याकाळ जाते, मुलं झोपल्यावर बाप घरी येतो. २००४-०५ च्या सुमाराला काही जण ती मागून घ्यायला लागले, तेव्हा सुपरवायझर चक्रावले होते. मी नाही.

१९८१ ते २०१४ मी चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, सोसायटीच्या कर्जाची कपात, पीएफमधून उचल घ्यायचे अर्ज, पुढे व्हीआरएसचे कागद, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. त्यामुळे हा इतिहास मला दलाल स्ट्रीटच्या बाजूने माहीत नाही, पगारपत्रकाच्या बाजूने माहीत आहे. आणि त्या बाजूने बघितलं तर ‘नोकरी सोडून बाजारावर पोट भरायचं’ ही कल्पना आमच्या पट्ट्यात फार जुनी नाही. पैशाची हाव जुनीच. नवं आलं ते वेळेचं गणित.

सुरुवात पगारापासूनच करते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, चिंचवडला एसकेएफ, अशी साठच्या दशकात रांग लागली. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा इथून पोरं आली. आयटीआय करून चिकटलं की तीन-चार वर्षांत परमनंट, मग प्राधिकरणात प्लॉटसाठी अर्ज, गावाकडच्या धाकट्या भावाला आणून दुसऱ्या कंपनीत लावणं. परमनंट माणसाला मुलगी द्यायला कुणी मागेपुढे बघत नसे. अशा घरात शेअरबाजार म्हणजे सट्टा, आणि सट्टा म्हणजे रतन खत्रीचा मटका, एवढीच समज.

पण बाजार वेगळ्या दाराने घरात आलाच होता, आणि तो आमच्याच पट्ट्यात तयार होत होता. १९७२ पासून चेतक निघायला लागली. मागणी अफाट, परवान्यामुळे उत्पादनाला मर्यादा, म्हणून नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्यामुळे नंबरालाच किंमत आली. गाडीची गरज नसलेल्यांनीही बुकिंग करून ठेवलं आणि नंबर लागला की ‘ऑन’ घेऊन गाडी दुसऱ्याला देऊन टाकली. अनामत भरायची, कागद जपायचा, वाट बघायची, आणि वेळ आली की वरचा पैसा घ्यायचा. पुढे शेअरच्या फॉर्मचं जे झालं त्याची रंगीत तालीम आमच्याकडे स्कूटरवर झाली असं मी म्हणते. कुणी नोकरी मात्र सोडली नाही. स्कूटरचा नंबर यायला आठ-दहा वर्षं लागत असतील तर त्यावर महिन्याचा किराणा कसा भरणार?

शेअर आले ते १९७३ च्या फेरा कायद्याच्या मागोमाग. परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता, म्हणून १९७७-७८ च्या आसपास चांगल्या चांगल्या कंपन्यांचे शेअर लोकांना स्वस्तात मिळाले. १९७७ मध्येच रिलायन्सचा दहा रुपयांचा शेअर आला. मी नोकरीला लागले तेव्हा कॅन्टीनमध्ये ‘फॉर्म भरणं’ हा शब्दप्रयोग रुळलेला होता. चिंचवड स्टेशनजवळच्या सब-ब्रोकरकडून फॉर्मचा गठ्ठा यायचा. स्वतःच्या, बायकोच्या, आईच्या नावाने भरायचा. अर्जासोबत थोडीच रक्कम, बाकीची अलॉटमेंट झाल्यावर. मग महिना-दोन महिने पोस्टमनची वाट. पाकीट जाड आलं तर शेअर लागले, पातळ आलं तर रिफंड ऑर्डर. आमच्या खात्यात एका बाईंच्या नावावर दर वेळी शेअर लागत, म्हणून लोक त्यांच्या हातून फॉर्म बँकेत टाकायला देत. त्या स्वतः मात्र फक्त युनिट ट्रस्टची युनिटं घेत.

त्या काळात कामगाराने रोजच्या खरेदी-विक्रीवर जगणं शक्यच नव्हतं, आणि ते कुणाच्या शहाणपणामुळे नव्हे. मुंबईच्या बाजारात सौद्याची रिंग दुपारचे दोन-अडीच तास चाले. इथे भाव कळायचा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. १९८२ मध्ये पुण्याला स्वतःचा शेअरबाजार मिळाला, कुमठेकर रस्त्यावर शिवलीला चेंबर्समध्ये. पण चिंचवडहून तिथे जायचं तर पीएमटीने अर्धा दिवस जायचा. हिशेब पंधरवड्याने होई. विकलेले शेअर ट्रान्सफर डीडवर सही करून, तिकिटं चिकटवून द्यायचे, आणि सही जरा वेगळी पडली की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून परत. सब-ब्रोकरचा माणूस सर्टिफिकेटांची पिशवी मांडीवर घेऊन सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला जायचा. हाती पैसे यायला महिना उलटत असेल तर घर सात तारखेच्या पगारावरच चालणार. बाजार होता पगाराच्या वर, एखाद्या बोनससारखा.

मग १९८९ चा सप्टेंबर आला. शनिवारवाड्यावर टेल्कोच्या कामगारांचं उपोषण, आणि रात्री पोलिसांनी ते उठवलं. तो संप आमच्या कंपनीत नव्हता, पण त्यानंतरची शांतता सगळ्या पट्ट्यात होती. मला तेव्हापासून कागदांत एक फरक दिसायला लागला. आधी सोसायटीचं कर्ज लग्नाला, विहिरीला, बहिणीच्या बाळंतपणाला असे. आता पस्तिशी-चाळिशीतली माणसं ‘जोडधंदा’ म्हणायला लागली. कुणी रिक्षा घेतली, कुणी भोसरीत सेकंडहँड लेथ टाकली, कुणी शेअर. परमनंट नोकरीही हलू शकते हे एकदा बघितल्यावर माणूस दुसरा पाय कुठेतरी टेकवायला बघतो.

१९९२ ला तर कहर झाला. २२ एप्रिलला सेन्सेक्स ४,४६७ वर होता, एसीसीचा शेअर दहा हजारांच्या घरात. कॅन्टीनमध्ये फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हर्षद मेहता. त्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे पीएफच्या उचलीसाठी घरदुरुस्तीचे इतके अर्ज आले की सगळ्या चिंचवडची घरं एकदम गळायला लागली की काय असं वाटावं. मी कुणाला विचारलं नाही. कारण तपासणं माझं काम नव्हतं, रकाना भरला आहे की नाही एवढंच बघायचं होतं. २३ एप्रिलला बँकेतल्या घोटाळ्याची सुचेता दलाल यांची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांनी खूप गमावलं. पण त्या वर्षी आमच्या मस्टरवरून शेअरसाठी एकही नाव कमी झालं नाही. लोक पैसे घालवून सोमवारी सकाळी पंचिंग करत होते. कर्जाचे हप्ते पगारातून कापत मी पुढची चार-पाच वर्षं काढली. नोकरीने बाजाराची किंमत फेडली, आणि माझ्या मते या पट्ट्याचा खरा आर्थिक इतिहास तोच आहे.

नव्वदच्या दशकातल्या पब्लिक इश्यूंच्या लाटेबद्दल फार लिहीत नाही. भांडवली इश्यूंवरचं सरकारी नियंत्रण १९९२ मध्ये गेलं आणि कोणीही उठून शेअर विकायला लागला. पुढे त्यातल्या कित्येक कंपन्यांचे पत्तेसुद्धा सापडेनात. गंमत एवढीच, की १९९३ च्या फेब्रुवारीत, मूळ पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचा शेअर ९५ रुपयांना आला तेव्हा भरणा पुरा झाला नव्हता. कॉम्प्युटरची कंपनी, तिला मशीन ना शेड, असं आमचे टूलरूमवाले म्हणत.

खरी उलथापालथ २००१ ची. त्या वर्षी चार गोष्टी एकत्र आल्या आणि त्या एकत्र आल्याचं अजून कुणी नीट लिहिलेलं नाही. पहिली म्हणजे व्हीआरएस. टेल्कोने २०००-०१ ला पाचशे कोटींचा तोटा दाखवला, स्कूटरची सद्दी संपून मोटारसायकल आली, आणि मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली. पाच लाखांपर्यंत करमाफ, म्हणून पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी मोठा पैसा पडला. दुसरी, ज्या युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेवर हीच माणसं डोळे मिटून विश्वास ठेवत, तिची खरेदी-विक्री जुलैत थांबवली गेली. तिसरी, त्याच जुलैत ‘बदला’, म्हणजे सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायची सोय, बंद झाला आणि आठवड्याऐवजी रोजच्या रोज हिशेबाची रोलिंग पद्धत आली. चौथी, शेअर कागदाचे उरले नव्हते. शेअर खात्यावर ठेवणारी एनएसडीएल १९९६ पासून होती आणि डिमॅटने सही जुळण्याची कटकट संपवली होती. म्हणजे माणूस घरी बसला, त्याच्या हाती पैसा, जुनी सुरक्षित जागा बंद, आणि नेमका तेव्हाच बाजार इतका वेगवान झाला की सकाळी घेतलेलं दुपारी विकता येतं.

चिंचवड स्टेशन, आकुर्डी, निगडी इथे तेव्हा टर्मिनलच्या खोल्या निघाल्या. दोन-तीन कॉम्प्युटर, दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा जार. व्हीआरएस घेतलेली माणसं तिथे सव्वानऊ-साडेनऊला हजर, बाजार दहाच्या आत उघडायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, डबासुद्धा. साडेतीनला बंद झालं की एकमेकांना ‘चला, सुटली’ म्हणायचे. त्यांना बाजाराएवढीच हजेरी हवी होती, हे मी हजेरीवालीच असल्याने लगेच ओळखलं. आमच्या ग्राइंडिंग सेक्शनचे एक जण वर्षभर रोज हजार-पाचशे मिळवत होते आणि पगारापेक्षा बरं चाललंय असं सांगत होते. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. पगारात मूळ आणि महागाई भत्त्यावर बारा टक्के पीएफ तुमचा आणि बारा कंपनीचा. बोनस किमान ८.३३ टक्के. ग्रॅच्युइटी, दर वर्षाला पंधरा दिवसांची. कमी पगारवाल्याला ईएसआय, मोहननगरच्या हॉस्पिटलात बायकापोरांसकट. वर्षाला तीसेक दिवस भरपगारी रजा. एवढं सगळं धरलं तर हजार-पाचशे पगारापेक्षा बरे नव्हते, बरेच कमी होते. ते म्हणाले, ‘मॅडम, पण इथे मला कोणी मेमो देत नाही.’ यावर माझ्याकडे रकाना नव्हता.

२००८ च्या जानेवारीत या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. १० तारखेला सेन्सेक्स २१,२०६ ला टेकला, रिलायन्स पॉवरचे फॉर्म भरण्यासाठी लोकांनी डिमॅट खाती उघडली, आणि २१-२२ ला बाजार असा कोसळला की मार्जिनचे फोन घ्यायला लोक घाबरत. त्याआधीच्या सप्टेंबरात बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं होतं. एका बाजूला पट्ट्याची जुनी ओळख चाकणकडे सरकत होती, दुसऱ्या बाजूला टर्मिनलवरची माणसं सिक्युरिटी गार्डच्या, स्टोअरकीपरच्या, स्कूलबस चालवायच्या नोकरीवर जात होती. आमच्या ग्राइंडिंगवाल्यांनी तळवड्याच्या एका शॉपमध्ये इन्स्पेक्शनचं काम धरलं, निम्म्या पगारावर.

पहिल्या शिफ्टच्या लोकांची सोय एमसीएक्सने केली. २००३ मध्ये सुरू झालेल्या या वायदेबाजारात चांदी, तांबं, कच्चं तेल रात्री साडेअकरा-अकरा पंचावन्नपर्यंत चाले. चारला घरी येऊन चहा घेतला की चांदी. यातला सगळ्यात विचित्र दिवस २० एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं, अमेरिकेत मात्र रात्री तेलाचा भाव शून्याखाली गेला, आणि इथला सौदा बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. लॉट १०० बॅरलचा. म्हणजे ज्याने स्वस्त म्हणून तेल घेऊन ठेवलं, त्याचे घातलेले पैसे तर गेलेच, वर लॉटमागे २ लाख ८८ हजार ४०० रुपये द्यायचे झाले, तेही कारखाने बंद असताना. गावाकडे जमीन बुडते ती पुराने किंवा सावकाराने. ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या तेलाने ती बुडाल्याचं आमच्या माहितीत हे पहिलंच.

आता चाकण. १९९९ ला बजाज तिथे गेली, २००९-१० च्या आसपास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आल्या, मागोमाग शेकडो पुरवठादार. कारखाने चकचकीत, पण ‘परमनंट’ हा प्रकार जवळपास संपला. मुलगा येतो तो कंत्राटदाराकडून; मधली काही वर्षं ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेतला ट्रेनी म्हणूनही यायचा. मुदत संपली की ब्रेक, पुन्हा दुसरीकडे. मेदनकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे इथे एका खोलीत चार-पाच जण राहतात. त्यांच्यासमोरचा प्रश्न त्यांच्या वडिलांसमोरचा नाही. बाप परमनंट नोकरी आणि बेभरवशाचा बाजार यांत निवड करत होता. पोरगा बेभरवशाची नोकरी आणि बेभरवशाचा बाजार यांत करतो, आणि बाजारात निदान गेटवर तपासणी नसते. ‘आजकालची पोरं कष्टाला नको म्हणतात’ हे माझ्या वयाच्या लोकांचं पालुपद मला म्हणूनच पटत नाही.

त्यात या पट्ट्याची एक खास गोष्ट मिसळली. विजेचा भार वाटून देण्यासाठी पिंपरी-चिंचवड, भोसरी भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी फार वर्षांपासून गुरुवारी. चाकणच्याही पुष्कळ कंपन्यांनी तीच घेतली. आणि शेअरबाजारात फ्युचर-ऑप्शनची एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत संपायचा दिवस, तेव्हा तोही गुरुवारी! आधी महिन्यातून एकदा असे. २०१६ ला बँक निफ्टीची आणि २०१९ ला निफ्टीची साप्ताहिक ऑप्शन आली, म्हणजे दर गुरुवारी. अख्ख्या देशातला नोकरदार गुरुवारी ऑफिसात, आणि आमचं पोरगं गुरुवारी खोलीवर, हातात मोबाइल. दुपारी दोननंतर दोन-चार रुपयांना मिळणारं ऑप्शन घ्यायचं, एकदम फिरलं तर वीसपट, नाही तर शून्य. ‘हिरो-झिरो’ म्हणतात त्याला. मुंबईत ठरलेलं वेळापत्रक आणि महावितरणचं वेळापत्रक यांची अशी गाठ पडेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

आकडे आता बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेच दिले आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी गमावलं, सरासरी माणशी दोन लाख. खर्च वजा जाता लाखाच्या वर कमावणारे फक्त एक टक्का. उतरणाऱ्यांपैकी सुमारे पाऊण हिस्सा वर्षाला पाच लाखांहून कमी उत्पन्न सांगणारा. ब्राझीलमध्ये तर काही अभ्यासकांनी नेमका आपलाच प्रश्न धरला होता: यावर घर चालतं का? तीनशेहून जास्त दिवस टिकून रोजची उलाढाल करणाऱ्यांपैकी ९७ टक्के तोट्यात गेले आणि तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त मिळवणारे १.१ टक्का निघाले. चाकणच्या पोरांना मी एवढं लांबचं सांगत नाही. दोन लाखांवर महिन्याला अठरा हजार काढायचे तर महिना नऊ टक्के लागतात, एकही महिना न चुकता, आणि खायला काढले की भांडवल तेवढंच राहतं, एवढंच सांगते.

२०२४ च्या नोव्हेंबरात सेबीने लॉटची किंमत पंधरा लाखांच्या वर नेली आणि प्रत्येक बाजाराला एकच साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली. २०२५ च्या सप्टेंबरपासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी गेली. आता गुरुवारी मुलं क्रिकेट खेळताना दिसतात. मंगळवारी ‘सिक’ किती लागतात ते बघायला मी आता टाइम ऑफिसात नाही, आणि हल्ली हजेरी बोट ठेवून होते.

बाजारावरच घर चालवणारा या पट्ट्यातला एक माणूस मला जवळून माहीत आहे. पूर्वीचा टूल अँड डाय मेकर, दहा वर्षं झाली नोकरी सोडून. वर्षाला सहा-सात महिने तो काहीच करत नाही. उरलेल्या दिवसांत मोजकेच सौदे, आणि मायक्रोमीटर लावल्यासारखी नोंदवही. तो जिंकतो यावर माझा विश्वास आहे, कारण वही मी बघितली आहे. त्याची बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. किराणा, मुलीची फी, आईचं औषध तिच्या पगारातून; बाजारातला पैसा घरखर्चाला लावायचा नाही असा त्यांचा नियम आहे. मोशीत फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा बँकेने फॉर्म १६ मागितला, तो तिचाच होता. त्याची तीन वर्षांची रिटर्न बघून त्याला सहकर्जदार म्हणून घेतलं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या पगाराच्या खात्यातून जातो.